अमोनिया शून्य झाल्यानंतरचे पाच महिने

ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी सकाळी मी परीक्षानळीत माझ्या समुद्री मत्स्यटाकीतले पाणी घेतले, त्यात अमोनियाच्या चाचणीचे थेंब टाकले आणि पाच मिनिटे थांबले. पाणी पिवळेच राहिले, म्हणजे अमोनिया शून्य होता. आदल्या दिवशी सकाळी मी त्याच टाकीत लिटरमागे २ मिलिग्रॅम होईल इतका अमोनिया मोजून घातला होता. चोवीस तासांत जिवाणूंनी तो संपवला होता आणि त्यातून मध्येच तयार होणारा नायट्राइटही उरला नव्हता. टाकीचे नायट्रोजन चक्र पूर्ण झाल्याची ही सर्वमान्य खूण आहे, आणि बहुतेक नवशिके याच दिवशी प्रवाळाची पहिली फांदी घरी आणतात. मी त्या आठवड्यात दोन लहान क्लाउनफिश आणले. पहिला प्रवाळ मात्र मार्चच्या मध्यावर, म्हणजे पाच महिन्यांनी पाण्यात उतरला. नव्या टाकीत प्रवाळ कधी ठेवावा, या नेहमीच्या प्रश्नाला टाकी अमुक आठवड्यांची झाली की ठेवावा, असे सांगणारी उत्तरे मला अपुरी वाटतात. म्हणून या पाच महिन्यांत मी काय पाहिले आणि कशाची वाट पाहिली, ते इथे सविस्तर लिहीत आहे.

आधी टाकीविषयी थोडे सांगते. आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडील एका उपनगरात राहतो. टाकी तीन फूट लांब आणि साधारण १५० लिटरची आहे. समुद्र इथून हजार किलोमीटरहून दूर आहे, त्यामुळे समुद्राचे पाणी घरीच करावे लागते. शिकागोच्या शेड मत्स्यालयासाठी १९३० साली फ्लोरिडाच्या की वेस्टहून रेल्वेच्या टँकरमधून दहा लाख गॅलन समुद्राचे पाणी आणले होते, हे मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा समजले आणि त्या खटाटोपाबद्दल मनात फार आदर वाटला. आज तेच काम बादलीभर मीठ करते. नळाचे पाणी आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) आणि डीआय (उरलेले आयन काढणारी गाळणी) अशा दोन्ही टप्प्यांतून गाळून त्यातील विरघळलेल्या पदार्थांचे मोजमाप शून्यावर आणायचे, मग सागरी मिश्रण विरघळवून खारेपणा हजारी ३५ भागांपर्यंत न्यायचा. हा आकडा दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्याने नव्हे, तर हजारी ३५ च्याच प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा. माझा रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर अचूक शून्य दाखवत होता, पण प्रमाणित द्रावणात टाकल्यावर त्याचे वाचन दोनाने चुकत असल्याचे कळले.

खडक कोरडा घेतला. हा खडक जमिनीखालच्या प्राचीन प्रवाळभित्तींतून काढलेला असतो. त्यात नको असलेले कीटक किंवा ऐप्टेशियासारखी उपद्रवी समुद्रफुले येत नाहीत, हा त्याचा मोठा गुण आहे. त्याच कारणाने त्यात हवी असलेली जीवसृष्टीही येत नाही, आणि पुढचे पाच महिने लागण्याचे मुख्य कारण हेच होते. समुद्रातून ओला आणलेला जिवंत खडक वापरला असता, तर कदाचित निम्म्या काळात काम झाले असते.

शून्य अमोनिया आपल्याला नेमके काय सांगतो? मासा टाकीत घातला, तर त्याने सोडलेला अमोनिया त्याला मारण्याआधी जिवाणू संपवतील, एवढेच. माशाला तेवढे पुरते, कारण तो पाण्यात राहतो पण पाण्यापासून घर बांधत नाही. दगडी प्रवाळ दिवसरात्र पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन आपला सांगाडा रचत असतो. त्याच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्याच्या ऊर्जेचा मोठा भाग त्यातून भागतो. म्हणजे एका प्रवाळात दोन जीव जगतात आणि दोघांच्या गरजा एकाच वेळी सांभाळल्या जाव्या लागतात. तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा एक-दोन अंशांनी चढून काही आठवडे तसेच राहिले, तर समुद्रातले प्रवाळसुद्धा हे शैवाल बाहेर टाकून पांढरे पडतात. त्यामुळे एखाद्या दिवशी पाणी चांगले असण्याने भागत नाही. सोमवारी जे पाणी होते, ते पुढच्या सोमवारीही तसेच आहे का, हा प्रवाळाच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही एका चाचणीत मिळत नाही.

हे मला पहिल्या टाकीने शिकवले. तीन वर्षांपूर्वी साठ लिटरची टाकी लावली होती. सहाव्या आठवड्यात मी पाण्याचा नमुना एका दुकानात तपासून घेतला. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आहेत, टाकी तयार आहे, असे तिथे सांगण्यात आले आणि मी त्याच दिवशी हिरव्या टोकांची एक ॲक्रोपोरा, म्हणजे फांद्यांचा एक दगडी प्रवाळ, घेऊन आले. पुढच्या आठवड्यात अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, हिच्याविषयी पुढे सविस्तर) कमी दिसली म्हणून मी भुकटी घातली, पुन्हा मोजली, पुन्हा घातली. सात दिवसांत ती ७.१ वरून १०.८ डीकेएचवर (हे तिचे एकक) गेली. त्या फांदीच्या बुडापासून मांस सुटू लागले आणि आतला पांढरा सांगाडा रोज थोडा थोडा वर सरकत टोकापर्यंत आला. शेवटच्या सकाळी टोकाशी नखाएवढा हिरवा भाग उरला होता. एका जिवंत प्राण्याला मी घाईने मारले, ही जाणीव फार दिवस गेली नाही. या वेळी टाकी लावण्याआधी मी वही घातली ती त्यामुळेच.

नव्या टाकीत चक्र पूर्ण झाल्यावर पहिले आले ते डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल. वाळूवर आणि काचेवर दालचिनीच्या भुकटीसारखा तपकिरी थर बसला. नव्या खडकातून आणि वाळूतून सुटणाऱ्या सिलिकावर तो वाढतो आणि सिलिका संपली की आपोआप ओसरतो. माझ्याकडे तो तीन आठवडे राहिला. त्यानंतर केसांसारखे हिरवे शेवाळ आले, तेव्हा मी पाच ट्रोकस गोगलगायी आणल्या. त्यांनी खडक चरून बराच साफ केला. इथपर्यंत सगळे अपेक्षेप्रमाणे चालले होते.

चूक मी नोव्हेंबरात केली. हिरवे शेवाळ पाहून मला वाटले की पोषके जास्त झाली आहेत, म्हणून मी लोहयुक्त फॉस्फेटशोषक दाणे गाळणीत घातले, आणि तेही डब्यावर लिहिलेल्या पूर्ण मात्रेने. दहा दिवसांत फॉस्फेट शून्य आणि नायट्रेट जवळजवळ शून्य झाले. वहीत मी त्या दिवशी समाधानाने दोन्ही शून्यांभोवती गोल केला आहे. आठवडाभरात वाळूवर आणि खडकांच्या टोकांवर तपकिरी, चिकट तंतू दिसू लागले. त्यांच्या टोकांना हवेचे बुडबुडे अडकलेले असत. दिवे मालवल्यावर रात्री ते जवळपास नाहीसे होत आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा येत. पाचपैकी दोन गोगलगायी आठवड्यात मेल्या. लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी घेतलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंबभर गाळ पाहिला, तेव्हा तिळाच्या आकाराचे जीव एका टोकाला खुंटीला बांधल्यासारखे गरगर फिरताना दिसले. ते ऑस्ट्रिऑप्सिस नावाचे डायनोफ्लॅजेलेट, थोडक्यात डायनो, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव होते. ते विष तयार करतात, आणि त्यांना चरणाऱ्या गोगलगायी त्यानेच मरतात.

या जागी थोडे थांबून सांगायला हवे, कारण कोरड्या खडकाच्या नव्या टाक्यांत सर्वांत जास्त नुकसान इथेच होते, असे माझे मत आहे. नायट्रेट आणि फॉस्फेट ही घाण आहे आणि ती जितकी कमी तितके चांगले, हा समज गोड्या पाण्याच्या सवयीतून येतो. प्रत्यक्षात खडकावर जागा धरून बसणाऱ्या जिवाणूंना आणि साध्या शेवाळांना वाढण्यासाठी ही पोषके लागतात. दोन्ही शून्यावर आणली की हे साधे जीव उपाशी राहतात, त्यांची जागा रिकामी होते, आणि अत्यल्प पोषकांवर तग धरणारे डायनो ती जागा घेतात. म्हणून उपायही उलट दिशेने करावा लागला. शोषक दाणे काढून टाकले, माशांचे खाणे वाढवले, आणि नायट्रेट व फॉस्फेटची तयार द्रावणे मोजून घालू लागले. नायट्रेट आठवड्यात ५ वर टिकले. फॉस्फेट मात्र टिकेना. आज ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत आणावा आणि उद्या पुन्हा शून्य दिसावा, असे बारा-तेरा दिवस चालले. कारण असे की कोरडा कॅल्शियमयुक्त खडक स्वतःच फॉस्फेट ओढून घेतो आणि त्याची भूक भागेपर्यंत पाण्यात काही उरू देत नाही. ती भूक भागली तेव्हा वाचन ०.०४ ते ०.०८ च्या दरम्यान स्थिर झाले. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतात, म्हणून त्या काळात अतिनील दिवाही लावला. वाळूतच राहणाऱ्या ॲम्फिडिनियमसारख्या जातींवर या दिव्याचा उपयोग होत नाही, त्यामुळे आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आवश्यक आहे. जानेवारीच्या अखेरीस तंतू गेले. त्या दिवसांत टाकीत प्रवाळ असते, तर त्यांतला एकही वाचला नसता.

थंडीने आणखी दोन गोष्टी दाखवल्या. पहिली बाष्पीभवनाची. इथल्या हिवाळ्यात घर तापवल्यामुळे हवा इतकी कोरडी होते की माझ्या टाकीतून दिवसाला जवळपास ४ लिटर पाणी उडते, आणि मीठ मागेच राहते. हिशोब केला तर १५० लिटरमधून ४ लिटर गेल्यावर खारेपणा ३५ वरून ३६ च्या जवळ जातो. तीन दिवस गोड्या पाण्याची भर घातली नाही, तर तो ३८ होतो. नाताळात आम्ही तीन दिवस बाहेरगावी गेलो आणि आपोआप भर घालणाऱ्या यंत्राची टाकी निघालो त्याच दिवशी रिकामी झाली, तेव्हा परत आल्यावर वहीत हाच आकडा लिहावा लागला. मासे काही झालेच नाही अशा थाटात पोहत होते. त्याच आठवड्यात मी भरपाण्याचे भांडे वीस लिटरचे केले आणि एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान हीटर तापमान नियंत्रकावर लावले, म्हणजे एखादा बंद पडला किंवा चालूच राहिला, तरी पाणी एकदम गार किंवा गरम होणार नाही. तापमान तेव्हापासून, वीज असेल तर, २५ ते २६ अंशांच्या मध्ये असते.

दुसरी गोष्ट पीएचची. बाहेर उणे १५ असताना घराच्या खिडक्या दिवसेंदिवस उघडत नाहीत. आम्ही चौघे श्वास सोडतो, गॅसवर स्वयंपाक होतो, घरातील कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तो टाकीच्या पाण्यात विरघळतो. सुरुवातीला ८.२ असणारा पीएच सकाळी ७.८ दिसू लागला. अशा वेळी पीएच वाढवणारी भुकटी घालण्याचा मोह होतो. पण कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने पीएच उतरतो आणि अल्कलिनिटी आहे तेवढीच राहते. भुकटी घातली की अल्कलिनिटी विनाकारण चढते आणि पीएच एका रात्रीत पुन्हा खाली येतो. मी प्रोटीन स्किमरची (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण वेगळी करणाऱ्या यंत्राची) हवा ओढणारी नळी खिडकीच्या फटीतून बाहेर काढली. त्याने पीएच ८.० च्या आसपास आला आणि मी त्यावर समाधान मानले.

आता अल्कलिनिटीकडे येते, कारण माझ्या दृष्टीने टाकी तयार आहे की नाही, हे सर्वांत आधी तीच सांगते. अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, आणि समुद्राच्या पाण्यात ती प्रामुख्याने बायकार्बोनेट व कार्बोनेट यांच्यामुळे असते. सांगाडा रचणारा प्रत्येक जीव हाच माल वापरतो. नैसर्गिक समुद्रात ती ७ डीकेएचच्या आसपास असते, टाकीत ७ ते ९ मध्ये ठेवावी. माझ्या मिठाने ती ८.५ येते. सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत मी सोमवारी, गुरुवारी आणि रविवारी रात्री ठीक नऊ वाजता ती मोजत होते. एक ठरावीक वेळ धरली, कारण घरगुती चाचणीत ०.२ ते ०.३ ची चूक सहज होते आणि एका वाचनावरून काहीही ठरवता येत नाही. जानेवारी अखेरपर्यंत ओळी सपाट होत्या: ८.५, ८.५, ८.४, ८.५. टाकीत कोणीही काही बांधत नव्हते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ओळ उतरू लागली. सोमवारी ८.५, गुरुवारी ८.३, रविवारी ८.०. पाणी बदलल्यावर ती किंचित वर आणि पुन्हा त्याच उताराने खाली. टाकीत प्रवाळ एकही नव्हता. पहिला संशय अवक्षेपाचा, म्हणजे पाण्यातला चुना आपोआप थर होऊन बसण्याचा होता, म्हणून हीटर आणि पंप बाहेर काढून पाहिले. त्यांच्यावर चुन्याचा पांढरा थर नव्हता. दुसरा संशय असा की अमोनियाचे नायट्रेट होतानाही अल्कलिनिटी खर्च होते. पण नायट्रेट ५० मिलिग्रॅमने वाढले, तर त्यासाठी सुमारे २.३ डीकेएच लागते, आणि माझे नायट्रेट तर ६ ते ८ मध्ये स्थिर होते. कॅल्शियमची चाचणी इथे मदतीला येत नाही. सांगाडा बनताना अल्कलिनिटी १ डीकेएचने उतरते, तेव्हा कॅल्शियम लिटरमागे केवळ ७ मिलिग्रॅमने कमी होते. मुळात ४२० असलेल्या आकड्यात एवढा फरक घरच्या चाचणीला दिसत नाही. अल्कलिनिटीचा साठा लहान असल्यामुळे तीच आधी बोलते.

उत्तर मागच्या काचेवर होते. वाळूच्या रेषेजवळ मसुराच्या डाळीएवढे गुलाबी-जांभळे ठिपके उमटले होते. ते कोरलाइन शैवाल होते. ते आपल्या पेशींभोवती चुन्याचे कवच बांधते, आणि म्हणून प्रवाळाला लागणारा मालच घेते. कोरड्या खडकात त्याचे बीज नसते. माझ्याकडे ते ट्रोकस गोगलगायींच्या शंखांवर बसून आले असावे, कारण पहिले ठिपके त्यांच्या शंखांवरच होते. ते शैवाल तीन महिने तिथे होते, पण वाढत नव्हते. डायनो गेले, फॉस्फेट स्थिरावला आणि मग ते वाढू लागले. प्रवाळासारख्याच गरजा असलेला एक जीव स्वतःहून टिकून वाढतो आहे, याहून चांगला पुरावा मला हवा तरी कोणता होता?

माझे वडील मालवणला असतात. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी टाकी दाखवत असे, आणि ते दर वेळी विचारत, "अजून दगडच आसत काय गो?" त्या रविवारी मी मोबाइल काचेला टेकवून तो गुलाबी ठिपका दाखवला. ते म्हणाले, "ह्या तर आपल्याकडे खडपार बघतंय मी." खरेच आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळाच्या डबक्यांत हे गुलाबी कवच मीही लहानपणी पाहिले आहे, फक्त त्याला नाव आहे हे तेव्हा ठाऊक नव्हते.

या सगळ्या काळात मी रात्रीची तपासणीही करत होते. दिवे मालवून तासभर झाल्यावर लाल प्रकाशाची विजेरी घेऊन काचेशी बसायचे. डिसेंबरात काचेवर काहीच हलत नसे. फेब्रुवारीत टाचणीच्या टोकाएवढे पांढरे कोपेपॉड नावाचे कवचधारी जीव उड्या मारत फिरताना दिसू लागले, आणि खडकाच्या फटींत त्यांच्याहून मोठे, वाकड्या पाठीचे ॲम्फिपॉड. यांना मी जाणूनबुजून दोन बाटल्यांतून आणून सोडले होते, पण आणलेले जीव टिकणे वेगळे आणि त्यांची पिल्ले दिसणे वेगळे. काचेवर पांढऱ्या सूक्ष्म चकल्यांसारख्या नळ्या दिसल्या. त्या स्पायरॉर्बिड कृमींच्या होत्या आणि त्याही चुन्याच्याच असतात. खडकाच्या खालच्या अंधाऱ्या बाजूला करड्या स्पंजाची पातळ साय धरली होती. वहीत मी यांची स्वतंत्र पाने केली. आकड्यांच्या पानांइतकाच मला त्यांवर भरवसा वाटतो.

मग मी ठरवले की चौदा दिवस टाकीला हात लावायचा नाही. माशांना खाणे आणि आपोआप पडणारे भरपाणी एवढेच चालू ठेवायचे, आठवड्याला १५ लिटर पाणी बदलायचे, बाकी कोणतेही द्रावण नाही, कोणतीही भुकटी नाही, खडक हलवणे नाही. या चौदा दिवसांत तापमान २५ ते २६ च्या बाहेर जाऊ नये, खारेपणा ३४.५ ते ३५.५ मध्ये राहावा, नायट्रेट आणि फॉस्फेट मोजता येण्याजोगे असावेत आणि त्यांची पातळी दुप्पट किंवा निम्मी होऊ नये, आणि अल्कलिनिटी उतरली तरी दर आठवड्याला सारख्याच गतीने उतरावी, अशा अटी वहीच्या वरच्या बाजूला लिहिल्या. शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खर्च किती आहे हे नेमके ठाऊक असेल, तर तो भरून काढता येतो; तो रोज वेगळा असेल, तर भरपाई करणारा माणूसच चढउतार निर्माण करतो. माझी पहिली ॲक्रोपोरा अशाच भरपाईने मेली होती. पहिला प्रयत्न नवव्या दिवशी फसला, कारण वीज चार तास गेली आणि पाणी २३ अंशांवर आले. मी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजले. दुसरा प्रयत्न १४ मार्चला पूर्ण झाला.

या थांबण्याच्या काळात दिवे मी मंद ठेवले होते, दिवसाला सहा तास. प्रवाळ आणण्याआधी प्रकाश मोजणारा मीटर तीन दिवस भाड्याने आणला आणि टाकीचा नकाशा काढला. वाळूजवळ ८० मायक्रोमोल, मधल्या कपारीत १२०, वरच्या खडकावर २२० असे आकडे आले. कोणता प्रवाळ कुठे ठेवायचा, हे त्या नकाशाने आधीच ठरवून टाकले, आणि तो आणल्यावर जागा बदलत राहण्याची वेळ आली नाही.

प्रवाळ कुठून आणायचा, हा मुद्दा महाराष्ट्रातील वाचकांसाठी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. आपल्या समुद्रातून ते काढणे आणि विकणे हा गुन्हा आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आणि विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून दूर समुद्रात बुडालेल्या आंग्रिया बँकेवर जे प्रवाळ आहेत, ते तिथेच राहिले पाहिजेत. कोणी 'लोकल लाइव्ह रॉक' किंवा 'इंडियन कोरल' देऊ केले, तर ते घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. दगडी प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या साइटिस कराराचे नियंत्रण आहे. इथे अमेरिकेत टाक्यांतच पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या प्रवाळांचे तुकडे सहज मिळतात, छंदी लोक आपापसांत देवाणघेवाणही करतात, आणि माझे सर्व तुकडे असेच घराघरांतल्या टाक्यांतून आलेले आहेत.

पहिला तुकडा डिस्कोसोमाचा होता, लाल रंगाच्या तीन छत्र्या असलेला. हा मऊ प्रवाळसदृश जीव सांगाडा रचत नाही, मंद प्रकाशात राहतो आणि पाण्यातील थोडे चढउतार सोसतो. तयारीची पहिली परीक्षा अशाच जिवावर घ्यावी आणि एका वेळी एकच घ्यावी, असे मला वाटते. दुकानातून पाच तुकडे एकदम आणले, तर काही बिघडल्यावर कारण सापडत नाही. झोअँथिड हे समूहाने वाढणारे प्रवाळसदृश जीवही सोपे म्हणून सुचवले जातात. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे अतिशय घातक विष असू शकते, म्हणून त्यांना हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि ते असलेला खडक कधीही उकळू नये. घरात लहान मूल असल्याने मी ते आणले नाहीत.

डिस्कोसोमा दुसऱ्या दिवशी पूर्ण उघडले. चार आठवडे मी काहीच आणले नाही. एप्रिलच्या मध्यावर हॅमर या नावाने ओळखला जाणारा युफिलिया हा दगडी प्रवाळ आणला आणि तो मधल्या कपारीत ठेवला. त्याच्या स्पर्शिका पहिल्या तीन दिवसांत अर्ध्याच बाहेर आल्या, चौथ्या दिवशी पूर्ण फुलल्या. मेच्या अखेरीस माँटिपोरा या दगडी प्रवाळाचा नाण्याएवढा तुकडा आला. त्याची पांढरी कड आता खालच्या चकतीवर पसरू लागली आहे, आणि ती कड म्हणजे वाढीचा ताजा भाग असतो. अल्कलिनिटीचा खर्च दिवसाला ०.२ डीकेएचपर्यंत गेला आहे. नुसत्या पाणी बदलण्याने तो भरून निघत नाही, म्हणून कॅल्शियम आणि कार्बोनेटची दोन वेगळी द्रावणे रोज लहान मात्रेत, वेगवेगळ्या वेळी घालते. एकत्र घातली तर ती तिथल्या तिथे चुना होऊन बसतात.

वरच्या खडकावरची २२० मायक्रोमोलची जागा ॲक्रोपोरासाठी आहे. माँटिपोरा आल्यानंतरच्या दोन आठवड्यांत फॉस्फेट ०.०६ वरून ०.०२ वर आला आणि काल रात्री पुन्हा ०.०५ दिसला. चौदा दिवसांची वही मी कालपासून परत सुरू केली आहे. ती जागा तोपर्यंत रिकामी आहे आणि तिथे सध्या एक ट्रोकस गोगलगाय बसलेली असते.